सत्त्याऐंशीवं घर

माणसं वाढली आणि घरं कमी झाली, हे मला काही पटेना.

रोशनने पाठवलेला कागद मी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचला. झरीजवळचा एक पाडा. दोन हजार चौदा साली मी स्वतः तिथे दारोदार फिरले होते. तेव्हा घरं एकशे एक्कावन्न आणि माणसं सातशे शहाऐंशी. आता अकरा वर्षांनी माणसं आठशे एक्कावन्न झालेली, आणि घरं मात्र एकशे सत्तावीस. मधल्या काळात घरकुलाच्या योजनेत इतकी पक्की घरं उठली की एसटीतून बघितलं तरी मोजता येतात. मग चोवीस घरं गेली कुठे?

मी पंचायत समितीत सांख्यिकीची विस्तार अधिकारी होते. निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी एका मुंबईच्या संस्थेने त्या पाड्याची मिळकत मोजायचं काम दिलं. फॉर्म मीच तयार केला, प्रश्न मीच लिहिले. त्या कागदांवरून संस्थेने तिथल्या मुलींसाठी जीप सुरू केली. कॉलेज तलासरीला, साडेसातचं. एसटी येते नऊला. जीप नव्हती तेव्हा काळी नावाची हुशार पोरगी अकरावीतच थांबली आणि उंबरगावला कारखान्यात पॅकिंगला लागली. आज आजूबाजूच्या तीन पाड्यांतल्या बावीस मुली त्या जीपमधून जातात.

आता संस्थेचा नियम असा, की पाड्यातल्या मधल्या घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख वीस हजारांच्या वर गेलं की जीप दुसऱ्या, अधिक गरजू गावाला द्यायची. नियम वाईट नाही. जीप एकच, गावं पुष्कळ.

मधलं घर म्हणजे काय, हे मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. सगळ्या घरांची यादी करायची, सर्वांत कमी मिळकतीपासून सर्वांत जास्त मिळकतीपर्यंत. बरोबर मधोमध जे घर येईल त्याचा आकडा, तो मध्यक. चौदा साली तो होता चौऱ्याहत्तर हजार. आणि रोशनच्या कागदावर यंदा एक लाख बावन्न हजार. म्हणजे जूनपासून जीप बंद.

मी रोशनला फोन लावला. यंदाची मोजणी त्याने केलेली. पोरगा डहाणूचाच, माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधला, कामाला चोख.

"रोशन, अरे घरं कमी कशी झाली?"

"मॅडम, मी काय खाल्ली का घरं? ॲपमध्ये जे भरलं ते आलं. ॲप चुकत नाही."

"ॲप चुकत नाही रे, पण ॲप काही जेवतपण नाही. घर म्हणजे काय ते त्याला कुठून कळणार?"

"तुमचाच प्रश्न आहे त्यात. जसाच्या तसा. गेल्या सात दिवसांत एकाच चुलीवर शिजलेलं कोण कोण जेवलं? जेवढे जेवले, तेवढ्यांचं एक कुटुंब. मी एक अक्षर बदललं नाही."

खरं होतं. प्रश्न माझाच. भिंतीपेक्षा चूल खरी, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. एका छपराखाली दोन चुली असल्या तर ती दोन घरं. आणि सात दिवस अशासाठी, की त्याच्या मागचं माणसाला नीट आठवत नाही.

"शनिवारी मुंबईला संस्थेत श्रुतिका मॅडमना द्यायचाय अहवाल," रोशन म्हणाला. "द्यायचा ना?"

"द्यायचा. पण आधी मी एकदा जाऊन येते."

"उन्हात? या वयात?"

"कीर्तनाला बोर्डीपर्यंत जाते तेव्हा नाही विचारत वय."

तलासरीपर्यंत एसटी आणि पुढे शेअरची जीप. जीपमधली माणसं माझ्याआधीच सगळं जाणून होती. एक म्हातारा म्हणाला, "त्या मुकेशमुळे झालं हे. जमीन रेल्वेत गेली, चाळीस लाख आले त्याला. त्याच्या पैशापायी आमच्या पोरींची गाडी जाते."

"नाही हो काका," मी म्हटलं. "मुकेशचा काही दोष नाही. सरासरी काढली असती तर त्याच्या पैशाने प्रत्येक घर कागदावर तीसेक हजारांनी श्रीमंत दिसलं असतं. पण आम्ही मधलं घर बघतो. मुकेशला चाळीस लाख मिळोत नाहीतर चार कोटी, यादीत तो शेवटचा एकच."

"मग कुणामुळे?"

"तेच बघायला चाललेय."

म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. माझं तरी कुठे झालं होतं?

पाड्यात शिरले ती रोशनच्या यादीतलं एक्केचाळीस नंबरचं घर शोधत. कागदावर तिथे अकरा माणसं एकत्र. तुक्या, त्याची बायको जमना, मुलगी सुषमा, धाकटा मुलगा, तुक्याची आई, भाऊ मनिष, त्याची बायको हिरी आणि त्यांची चार पोरं. एवढी माणसं एकत्र नांदतायत बघून मला वाचतानाच बरं वाटलं होतं.

समोर बघते तर एका अंगणात दोन घरं, दोन दारं, दोन्ही कौलांतून धूर.

जमना चिकूच्या वाडीवरून नुकतीच आली होती, पायावर पाणी घेत होती. मला ओळखलं. "बाय, तुमी? जाड्या झालात!"

"झाले गं. हे बघ, तुम्ही दोघी जावा एकत्र राहता ना?"

"कोण?" ती पाण्याचा तांब्या तसाच धरून उभी राहिली. "मी आणि हिरी? हिरीच्या हातचं कालवण खाल्लंय का तुमी? मीठ बघावं तर नाय, मिरची बघावी तर सगळीच."

पलीकडच्या दारातून हिरीचा आवाज आला, "ऐकते मी! सात दिवस बोटं चाटून खात होतीस तेव्हा नाय बोललीस."

"देवाच्या कामाचं होतं म्हणून खाल्लं!"

"कुठले सात दिवस?" मी विचारलं.

दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं मी दिवाळी कधी असते असं विचारलं. "सप्ता नव्हता का आमचा? माघात. तुमी कशा आल्या नाय, कीर्तनाला तर कुठंपण पोचता."

आणि मग जमनाने सांगितलं, ते मी ओटीवर बसून ऐकत राहिले. सप्ताहाचे सात दिवस मंडपात अखंड वीणा उभी असते. तिथे संध्याकाळचा महाप्रसाद, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा, बुवा आणि टाळकऱ्यांचं जेवण, सगळं पाड्यातल्या बायाच करतात. मग जावा-जावा वाटून घेतात. एकीने मंडपात राबायचं, एकीने दुपारचं दोन्ही घरचं शिजवायचं. यंदा जमना मंडपात होती. म्हणून तिच्या घरची चूल सात दिवस थंड, आणि दोन्ही घरं हिरीच्या चुलीवर.

"रोशनला हे सांगितलं नाहीत?"

"त्याने इचारलं, सात दिवसांत कुणाच्या चुलीवर जेवलां. आमी खरं तेच सांगितलं, हिरीच्या." जमना जरा घाबरली. "चुकलं का?"

"नाही बाई. तुमचं उत्तर बरोबर होतं."

चुकला होता माझा प्रश्न. चौदा साली मी मे महिन्यात फिरले होते, तेव्हा सप्ताह नव्हता. आयुष्यभर कीर्तनं ऐकली, कितीतरी मंडपांत पोळ्या लाटायला बसले, आणि त्या आठवड्यात आपल्या घरची चूल पेटते का विझलेली असते, हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी तिथूनच रोशनला फोन केला. "तू आलास तेव्हा इथे सप्ताह चालू होता?"

"हो ना मॅडम! भोंग्यामुळे निम्मं ऐकू येत नव्हतं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना सात दिवसांचं विचारलं."

"आणि तू कुठे जेवलास?"

"मंडपात. काय बुंदी होती, सांगू!"

"रोशन."

तो हळूच म्हणाला, "अरे देवा. मी भावाभावांची घरं जोडली का?"

"जोडलीस. आणि दोन घरांची मिळकत एकाच्या नावावर चढवलीस."

आता गंमत बघा. चूक सापडली म्हणून काम झालं असं नव्हतं. जीपचा नियम आता पाडाभर माहीत झालेला. मी दारोदार जाऊन मिळकत पुन्हा विचारली असती तर कुणीही दहा हजार कमीच सांगितले असते, आणि का सांगू नयेत? स्वतःच्या पोरीसाठी मी पण सांगितले असते. एक बरं होतं. रोशनने प्रत्येक माणसाची मिळकत वेगवेगळी लिहिली होती, आणि तेव्हा हा नियम कुणाला ठाऊक नव्हता. ते आकडे तसेच ठेवायचे. फक्त कुठलं माणूस कुठल्या चुलीचं, एवढंच शोधायचं. पण तेही तोंडी विचारून चालणार नाही. आज जो तो वेगळा राहतो म्हणेल.

तुक्या कामावरून आला तेव्हा हाच घोर मी त्याच्यापुढे बोलून दाखवला. उंबरगावच्या कारखान्यात तो कंत्राटावर आहे, आणि भजनी मंडळाचं कोठार त्याच्याकडे असतं.

"चुली मोजायच्यात?" तो म्हणाला. "मोजलेल्या हायत. सप्त्याला आमी चुलीमागे एक पायली तांदूळ घेतो. जितक्या चुली, तितक्या पायल्या. पौषात घेतले सगळे."

त्याने शाळेची जुनी वही आणून दिली. नावाखाली नाव आणि पुढे एकेक खूण. तांदूळ द्यायचा म्हटल्यावर कुणी उगाच दोन चुली सांगत नाही. आणि देवाच्या कामात दोन चुली असून एकच आहे, असंही कुणी म्हणत नाही. मी मोजल्या. एकशे एकाहत्तर.

"सगळ्या आल्या ह्यात?"

"दोन घरं सुतकात होती, त्यांचा नाय घेतला." त्याने नावं सांगितली. एकशे त्र्याहत्तर.

म्हणजे चोवीस घरं गेली नव्हतीच. उलट बावीस वाढली होती. घरटी माणसं पाचाच्याही आत आली होती, आणि तसंच असणार, पोरं लग्न झालं की वेगळी चूल मांडतात हे मी अकरा वर्षं बघतेच आहे.

दोन दिवस रोशन आणि मी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. वहीतलं नाव, यादीतलं नाव, माणसं सोडवायची आणि ज्या त्या चुलीला लावायची. तो लॅपटॉपवर, मी कागदावर, दोघांचं जमलं की पुढे. एकशे त्र्याहत्तर घरं म्हणजे मधलं घर सत्त्याऐंशीवं. शेवटी रोशनने बटण दाबलं आणि म्हणाला, "एक लाख अठरा हजार."

दोन हजारांनी खाली. मी हात जोडले.

"कुणाचं घर आहे मॅडम?"

खरं तर बघायची गरज नव्हती, पण कुतूहल कुणाला सुटलंय. बघितलं. तुक्या आणि जमना.

जुनी पद्धत अशी, की मधोमधची आठ-दहा घरं पुन्हा एकदा भेटून यायचं, कारण सगळं त्यांच्यावर उभं असतं. कुणाला हे सांगायचं नाही की तुम्ही मध्ये आहात. भेटायचं आणि विचारायचं, काही सांगायचं राहिलं का. शुक्रवारी मी त्याच कामाला गेले. आठ घरं झाली, कुणाचं काही राहिलेलं नव्हतं. नववं जमनाचं.

ती ओटीवर चिकू निवडत बसली होती. वाडीवाला डागी फळं घरी न्यायला देतो. शेजारी सुषमा रसायनशास्त्राची वही मांडीवर घेऊन. तुक्या अजून आलेला नव्हता.

"काही सांगायचं राहिलं का गं?" मी नेहमीसारखं विचारलं.

जमनाने चिकू ठेवला. "राहिलंय."

"आये," सुषमा म्हणाली.

"बाय, हिवाळ्यात मी बोर्डीला पॅकिंगला गेले दोन महिने. पेट्या भरायला. नऊ हजार मिळाले. तो रोशन आला तेव्हा ह्यो बाजूला बसलेला, म्हणून नाय बोलले. ह्याला ठाऊक नाय."

"आये, गप ना गो!" सुषमा उठूनच उभी राहिली. "बाई, लिहू नका. ती उगाच बोलते. आमची गाडी जाईल."

"जाईल का गाडी?" जमनाने मला विचारलं.

तिच्या घराचा आकडा एक लाख अठरा हजार. त्यात नऊ हजार घातले तर एक लाख सत्तावीस. आणि मधलं घर तेच. मनात आलं, ऐकलंच नाही असं करावं. एका पोरीचं नाही, बावीस पोरींचं आहे. कुणाला कळणार आहे?

"मग कशाला सांगितलंस?" मी म्हटलं, जरा रागानेच.

"मंडपात सात दिवस भाकऱ्या थापल्या बाय. कीर्तन कानावर पडतच होतं. बुवांनी एका बाईची गोष्ट सांगितली, देवाला नैवेद्य दाखवताना एक वाटी पदराखाली झाकून ठेवायची. देव म्हणाला, ताट नको, मला ती वाटी दाखव. सगळे हसले. मी नाय हसले. माझी वाटी झाकलेली होती ना." ती सुषमाकडे न बघता म्हणाली, "तांदूळ खरा मोजून दिला, आणि पैसे खोटे? मला झोप नाय लागत."

सुषमा रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "तुला झोप लागेल, आणि मी काळीसारखी पेट्या भरीन."

जमनाचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

मी पिशवीतून यादी काढली. पेन काढलं. जमनाच्या नावासमोर एक लाख सत्तावीस हजार लिहिलं आणि जुना आकडा खोडला. लिहिताना मनात म्हटलं, पांडुरंगा, हे तुझ्यावर.

आणि मग, चाळीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या बाईला जे आधीच सुचायला हवं होतं, ते सुचलं. जमना त्या जागेवरून उठली, तर जागा मोकळी थोडीच राहते?

"सुषमा, इकडे ये. रडू नको, आधी बघ. पंगत बसलीय समज. सगळ्यांत गरीब ह्या टोकाला, सगळ्यांत श्रीमंत त्या टोकाला. तुमचं पान बरोबर मध्ये होतं." बोलू नये ते मी बोलून गेले होते, पण आता इलाज नव्हता. "तुझी आई उठली आणि नऊ हजारांनी वरच्या बाजूला जाऊन बसली. मग तुमच्या जागी कोण सरकणार?"

तिने डोळे पुसले. पोरगी सायन्सची. "वरचं. शेजारचं. अठ्ठ्याऐंशीवं."

"ते आता सत्त्याऐंशीवं होणार. त्याचं जे असेल ते खरं."

"किती आहे त्याचं?"

मला आठवत नव्हतं. कागदाची ती बाजू मी दुमडून ठेवली होती, नावं दिसू नयेत म्हणून. एक लाख एकवीस असतं तर? बावीस असतं तर? मी घडी उलगडताना सुषमा श्वास रोखून बसली होती, आणि खरं सांगते, मी पण.

एक लाख एकोणीस हजार दोनशे.

"आठशेने," सुषमा म्हणाली. "बाई, आठशेनेच!"

"नऊ हजार सांगितले तर बाराशेने हललं फक्त," मी म्हटलं. "मधल्या घराचं असंच असतं."

जमनाला यातलं काही कळलं नसावं. ती आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. सुषमाने तिला गळामिठी मारली तेव्हा ती म्हणाली, "सोड गो, हात चिकट हायत."

दहावं घर उरलं होतं, तेही करून आले. तिथे काही राहिलेलं नव्हतं.

शनिवारी श्रुतिकाला अहवाल पाठवला. सप्ताहाची हकीकत लिहिली, तांदळाच्या वहीचे फोटो जोडले, आणि प्रश्न माझा होता हेही लिहिलं. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"मनोरमाताई, एक लाख वीसच्या आत आठशे रुपयांनी? बोर्डावरचे लोक हसले मला."

"हसू देत. वही बघा म्हणावं."

"वही बघितली त्यांनी. त्यामुळेच तर विश्वास बसला. पण एक विचारू? चौऱ्याहत्तर हजारांचे एक लाख एकोणीस झाले. हे बरंच आहे ना?"

ह्याच प्रश्नावर मी अहवाल पाठवल्यापासून घोटाळत होते. चौदा साली तिथल्या दुकानात जो तांदूळ चोवीस रुपयांना होता तो आता चाळीसला. जुन्या मधल्या घराने वर्षाची सगळी मिळकत तांदळातच घातली असती तर तीन हजार किलोच्या वर आला असता. आजच्या मधल्या घराला त्याहून शंभरेक किलो कमीच येईल. पण मग चूलही लहान झाली, खाणारी तोंडंही कमी. मग बरं झालं, की होतं तिथेच राहिलं?

"माहीत नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा मोजू. मे महिन्यात."

जीप दोन वर्षांसाठी वाढवली. सुषमाची बारावी त्यात बसते. मी बातमी सांगायला सोमवारी गेले, कारण फोनवर सांगून माझं समाधान झालं नसतं. सुषमा कॉलेजला गेलेली. जमना वाडीवर निघाली होती, डोक्यावर टोपली.

ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, "आणि माझे ते नऊ हजार? लिवले ना कागदात?"

"लिहिले."

"खोडले नाय ना?"

"नाही गं. तसेच आहेत."

"मग आता ह्याला कसं सांगू ते सांगा," ती म्हणाली, आणि टोपली सावरत माझ्या बरोबरीने चालायला लागली.